दोनहात्याचा अंगठा

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गाव एकच, पण पाणी दोन चवींचं. वरच्या अंगाला नदी, तिचं पाणी गोड. खालच्या अंगाला समुद्र, त्याचं पाणी खारं. वर राहायचे ते गोडवाडीचे, खाली राहायचे ते खारवाडीचे. मधोमध एक धक्का होता आणि धक्क्यावर मोठी लाकडी पडवी. ती पडवी तेवढी दोघांची.

दोन्ही वाड्यांना एकच वेड होतं, गरवण्याचं. गरी म्हणजे मासा पकडायचा आकडा. गरी दोरीला बांधायची, तिला आमिष लावायचं, पाण्यात सोडायची आणि मासा ओढेपर्यंत गप्प बसून राहायचं, याला तिथे गरवणं म्हणत. पोटासाठी जाळी होती. गरवणं हौसेचं. गोडवाडीवाले डोहाच्या काठी बसून मरळ गरवत, खारवाडीवाले खडकांवर उभे राहून तांबोशी गरवत, आणि खरं कसब आपल्याच पाण्यात लागतं असं दोघंही मानत.

"डोहात काय, झोपलेला मासा उचलायचा," खारवाडी म्हणे.

"खडकावर काय, लाटच मासा आणून देते," गोडवाडी म्हणे.

एक मासा मात्र दोघांचा होता. जिताडा. तो वाढायचा नदीत, आणि ज्येष्ठातलं उधाण आलं की अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी उतरायचा. त्या उधाणाच्या दिवशी गावात गरीचा दिवस असे. नियम सोपे होते. एकाला एक दोरी, एक गरी. उन्हं वर आल्यापासून ती डोंगराला टेकेपर्यंत गरवायचं. सगळ्यात मोठा जिताडा ज्याचा, त्याचा मान.

मान तीन प्रकारचा होता. त्या माशाची शेपटी पडवीच्या तुळईवर ठोकली जाई. त्याच्या पोटातली गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, तिथेच तळून दोन्ही वाड्यांना प्रसाद म्हणून वाटली जाई. आणि जिंकणाऱ्याला मिळे वर्षाचा शब्द. पाण्याबद्दल तो जो एक नियम सांगेल, तो दोन्ही वाड्यांनी पुढच्या गरीच्या दिवसापर्यंत पाळायचा. गावात भांडणं पुष्कळ होती, पण हा शब्द कधी कुणी मोडला नव्हता.

गोडवाडीत जोमा नावाचा एक तरुण राहायचा. गरवण्यात बरा होता, बोलण्यात फार पुढे. त्याच्या हाताला लागलेला मासा वीतभर असे आणि सुटलेला मासा दोन हातांचा. संध्याकाळी पडवीत तो दोन्ही हात पसरून सांगायचा, "एवढा होता. अगदी काठाला आला होता. दोरीच तुटली." एवढ्या वेळा तो हात पसरून बोलला होता की गाव त्याला दोनहात्या म्हणू लागलं होतं. त्याला राग येत नसे. लोक हसतात म्हणजे ऐकतात, असं त्याला वाटायचं.

एका वर्षी गरीच्या दिवसाआधी पडवीच्या तुळईला तेल लावायची पाळी जोमाची आली. शिडी लावून तो वर चढला. तुळई धुराने काळी झाली होती आणि तिच्यावर ओळीने तीस शेपट्या ठोकलेल्या होत्या. एकेका शेपटीवरची धूळ पुसत तो पुढे सरकू लागला.

पहिली शेपटी पुसायला त्याला फडकं दोनदा फिरवावं लागलं. ती सुपाएवढी होती. दहाव्या शेपटीला एकदा फडकं फिरवलं की झालं. विसावी त्याच्या पंजाएवढी भरली. तिसाव्या, म्हणजे गेल्या वर्षीच्या शेपटीवर त्याने तळहात ठेवला, तर ती तळहाताखाली दिसेनाशी झाली.

जोमाने पुन्हा पहिल्या शेपटीपर्यंत मागे पाहिलं. मग खाली उतरला आणि पडवीत बसलेल्या लोकांना म्हणाला, "मासे लहान होत चाललेत."

लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि तो उभा होता नेमका थापा मारायच्या जागीच.

"किती लहान?" कुणीतरी विचारलं.

जोमाने सवयीने दोन्ही हात पसरले. "पहिली शेपटी एवढी आहे. सुपाएवढी."

पडवी हसली. "दोनहात्या, आता तुझ्या शेपट्याही सुटायला लागल्या का?"

"वर बघा ना. डोक्यावरच तर आहेत."

कुणी वर पाहिलं नाही. गावचे पाटील समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, शेपट्या वाळतात. वाळल्या की आकसतात."

"पाटीलकाका, वाळून आकसत असतील तर जुन्या जास्त आकसायला हव्यात. इथे जुन्या मोठ्या आहेत आणि नव्या लहान."

पाटलांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "तू तेल लाव. राहिलंय तिकडे कोपऱ्यात."

पडवीच्या पायरीवर चांगुणाकाकी बसली होती. ती खारवाडीची. खडकावर उभं राहून गरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि जिंकणाऱ्याची गाभोळी दर वर्षी तीच तळायची. बोलायला ती फटकळ होती आणि जोमाची टिंगल करायची संधी सहसा सोडत नसे. त्या दिवशी तिने ती सोडली. मान खाली घालून दोरी गुंडाळत राहिली.

जोमा मात्र गप्प बसेना. त्याच्या डोक्यातून तुळई जाईना. तो विचार करू लागला आणि सगळं एकेक करून त्याला दिसू लागलं. लहान जिताडा कापला तर त्यात कधीच गाभोळी निघत नाही. मोठा कापला तर निघतेच. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पोरासोरांनासुद्धा. जिताडा लहान असतो तेव्हा नर असतो, आणि वर्षामागून वर्षं जाऊन अंगाने भरला की मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा जिताडा ही नेहमी आईच. आणि गाव दर वर्षी, ती अंडी घालायला उतरते त्याच दिवशी, तिला शोधून काढतं, तिची शेपटी ठोकतं आणि तिची अंडी प्रसाद म्हणून खातं. पूर्वी त्या प्रसादाचा तुकडा घरोघरी जायचा. गेल्या वर्षी तो फक्त मुलांना पुरला होता.

हे त्याने पाच घरी जाऊन सांगितलं. पाचही घरी लोकांनी चहा दिला आणि विचारलं, "बरं, पण ही गोष्ट खरी की तुझी?"

तेव्हा जोमाला पहिल्यांदा आपल्या पसरलेल्या हातांची लाज वाटली. इतकी वर्षं त्याने गंमत म्हणून जे उधळलं होतं, ते नेमकं आज हवं होतं, आणि उरलं नव्हतं.

मग त्याने ठरवलं. सांगून कुणी ऐकत नाही, तर जिंकायचं. वर्षाचा शब्द मिळवायचा आणि त्या शब्दाने मोठी मादी मारायला बंदी घालायची. थापाड्याचं कुणी ऐकणार नाही, पण जिंकलेल्याचं ऐकावंच लागेल.

त्या दिवसापासून जोमा पडवीत दिसेनासा झाला. त्याने डोहातलं आपलं कसब घेतलं आणि खाऱ्या पाण्याचं शिकायला तो सरळ चांगुणाकाकीच्या खडकावर गेला.

"काय रे दोनहात्या, वाट चुकलास?"

"काकी, मला खाडीच्या तोंडाचं गरवणं शिकव."

"का? डोहातले दोन हातांचे मासे संपले?"

"संपले," जोमा म्हणाला. "तेच तर सांगत होतो."

चांगुणाकाकीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःशेजारची जागा हाताने झाडली. "बस. आणि तोंड मिट. मासा कानांनी नाही, अंगाने ऐकतो. खडकावर पाय आपटलास तरी त्याला कळतं."

ती शिकवायची ते थोडक्यात. "दोरी मुठीत धरू नको. बोटावरून सोड. मुठीला फक्त ओढ कळते, बोटाला माशाचा विचार कळतो." "आमिषाला बोईट मासा लावायचा तो जिवंत, आणि पाठीत टोचायचा. मेलेलं आमिष शेंगाळ्यासारख्या फालतू माशांना." "पहिल्या झटक्याला ओढू नको. जिताडा आधी तोंडात घेऊन बघतो. दोनापर्यंत मोज, मग ओढ."

"आणि बसायचं कुठे?"

तिने पाण्याकडे बोट केलं. "भरती संपते आणि ओहोटी सुरू व्हायची असते, तेव्हा घडीभर पाणी थबकतं. त्या वेळी खाडीत फेसाची एक रेघ दिसते. रेघेच्या वर गोडं, खाली खारं. मोठी तिथे येते. पण तिथे कुणी बसत नाही. गोडवाडीवाला म्हणतो ते खारवाडीचं पाणी, खारवाडीवाला म्हणतो गोडवाडीचं."

"मग मी बसतो. भांडायला कुणी आलंच तर दोन्ही वाड्या निदान एका बाजूला येतील."

चांगुणाकाकी हसली. तिला तो आवडू लागला होता, पण तसं तिने दाखवलं नाही.

गरीचा दिवस उजाडला. उधाणाचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढू लागलं होतं. गोडवाडी डोहाच्या काठी गेली, खारवाडी खडकांवर. जोमा एकटा मधल्या चिखलाच्या टेकाडावर गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. सकाळ गेली. दुपार झाली. त्याच्या गरीला एक शेंगाळा लागला, तो त्याने सोडून दिला. उन्हाने मान भाजली. दोन्ही काठांवरून अधूनमधून आवाज येत होते, "दोनहात्या, लागला का रे?" तो उत्तर देत नव्हता. हे त्याच्या ओळखीच्यांना फार विचित्र वाटत होतं.

मग पाणी थबकलं. फेसाची रेघ त्याच्यापासून दहा हातांवर येऊन स्थिरावली. त्याने जिवंत बोईट रेघेच्या अलीकडे सोडलं आणि दोरी बोटावर घेतली.

बोटाला काहीतरी कळलं. ओढ नव्हती, नुसता जडपणा. एक, दोन. जोमाने ओढलं.

पाण्यातून जे वर आलं तसं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती पूर्ण पाण्याबाहेर उसळली, डोकं झटकलं आणि परत आत गेली, आणि दोरी त्याच्या बोटांमधून कापत सुटली. त्याने दोरी सोडली, ओढली, परत सोडली. ती खाऱ्याकडे धावली की तो चार पावलं मागोमाग जायचा, ती थकली की चार हात दोरी घ्यायचा. ओढून धरली असती तर दोरी तुटली असती, आणि आयुष्यभर सांगायला एक खरी गोष्ट मिळाली असती. पण त्याला आज गोष्ट नको होती. किती वेळ गेला हे त्याला कळलं नाही. शेवटी ती त्याच्या पायांशी, मांडीएवढ्या पाण्यात, कुशीवर पडली. त्याने तिच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला आणि तिला धरलं.

मोठ्या जिताड्याचा ओठ कानशीसारखा खरखरीत असतो. तिने एकदा झटका दिला आणि जोमाच्या अंगठ्याचं कातडं निघालं. त्याने सोडलं नाही.

ती तुळईवरच्या पहिल्या शेपटीपेक्षा मोठी होती. तिचं पोट तट्ट फुगलेलं होतं.

दोन्ही काठ लांब होते आणि जो तो आपापल्या दोरीकडे पाहत होता, त्यामुळे हे कुणालाच दिसलं नव्हतं. फक्त तिला उचलायचं आणि धक्क्यावर न्यायचं होतं. संध्याकाळी शब्द त्याचा. त्याने ठरवलेला नियम डोळ्यांसमोर होता: मोठी मादी कुणी मारायची नाही.

आणि ती त्याच्या हातात होती.

जोमा पाण्यात उभा राहून स्वतःशी वाद घालू लागला. ही एकच. हिच्या बदल्यात पुढच्या सगळ्या वाचतील. एक देऊन शंभर घ्यायच्या, यात वाईट काय आहे? आणि ही सोडली तर काय होईल? मी रिकाम्या हाताने पडवीत जाईन. मी म्हणेन, होती. ते म्हणतील, केवढी? आणि मी हात पसरले की सगळं संपलं. दुसऱ्या कुणावरही विश्वास ठेवतील, एक मी सोडून.

पण मग त्याला तुळई आठवली. तिथे तीस शेपट्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक आपापल्या वर्षी 'ही एकच' होती. प्रत्येकीच्या वेळी कुणाला तरी काहीतरी हवं होतं. कुणाला मान, कुणाला पाण्याचा एखादा नियम, कुणाला दुसऱ्या वाडीवर कुरघोडी. कुणी असंही म्हणालं असेल की माझं कारण चांगलं आहे. तुळईला कारणं दिसत नाहीत. तिथे फक्त शेपटी राहते. आणि आपण संध्याकाळी तिची शेपटी ठोकून, तिची गाभोळी वाटून, तोंड पुसून सांगणार की यापुढे कुणी असं करू नका?

तिच्या कल्ल्यांची हालचाल मंद होत चालली होती. वाद घालायला फार वेळ नव्हता.

त्याने गरी सोडवली. तिला फेकलं नाही. दमलेला मासा फेकला तर तो बुडतो, हे डोहावर वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्याने तिला दोन्ही हातांनी सरळ धरलं, तोंड प्रवाहाकडे केलं आणि पाणी तिच्या कल्ल्यांतून जाऊ दिलं. ओहोटी सुरू झाली होती. बराच वेळ ती त्याच्या हातात नुसती टेकून राहिली. मग शेपटी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली, आणि तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडावर पाणी उडवून ती गेली. फेसाच्या रेघेपलीकडे.

उन्हं डोंगराला टेकली. सगळे पडवीत जमले. खाली चटई अंथरली होती आणि तिच्यावर मासे मांडले होते. तसे ते लहानच होते. सगळ्यात मोठा चांगुणाकाकीचा, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा.

पाटलांनी सगळ्यांची नावं घेतली. शेवटी म्हणाले, "आणि जोमा? तुझी गरी रिकामीच?"

"लागली होती," जोमा म्हणाला. "सोडली."

पडवीत हशा उसळला. कुणीतरी म्हणालं, "या वर्षी दोरी तुटली नाही वाटतं. सुधारलास." दुसऱ्याने विचारलं, "केवढी होती रे?" आणि जोमाने हात पसरायच्या आधीच अर्ध्या पडवीने त्याच्यासाठी हात पसरून ठेवले.

जोमा हात काखेत दाबून उभा होता. "मोजली नाही," तो म्हणाला.

हसणं चालू होतं, पण त्यात एक भोक पडलं.

"मोजली नाही म्हणजे? अंदाजे सांग ना."

"अंदाज नाही सांगता येणार. मादी होती. पोट भरलेलं होतं. म्हणून सोडली."

पाटील गोंधळले. हा माणूस मुंगी दाखवताना दोन्ही हात वापरायचा. आज त्याला हातच नव्हते.

चांगुणाकाकी जागेवरून उठली. "दोरी दाखव."

जोमाने दोरी दिली. तिने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवली. "तुटलेली नाही. गाठही नवी नाही." तिने गरी उन्हाकडे धरली. "सरळ झालेली नाही. मासा सुटला असता तर दोरी तरी तुटली असती, नाहीतर गरी तरी उघडली असती. हा सुटलेला नाही. आता हात दाखव."

"राहू दे ना काकी."

"हात."

त्याने काखेतून उजवा हात काढला. चार बोटांवर दोरीचे लाल चरे होते. अंगठा मात्र सोललेला होता, टोकापासून पार मुळापर्यंत. रक्त वाळून काळं झालं होतं.

चांगुणाकाकीने तो अंगठा आपल्या तळहातावर घेतला आणि निरखला. मग तिने स्वतःचा अंगठा त्याच्या शेजारी धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीस वर्षांपूर्वी मी एक जिताडा असाच जबड्यात अंगठा घालून बाहेर काढला. माझा अंगठा सोलला होता इथपर्यंत." तिने मधल्या पेरावर नख टेकवलं. "याचा मुळापर्यंत सोललाय. एवढं तोंड ज्याचं, तो मासा माझ्या माशापेक्षा मोठा."

"तुझा मासा कुठला काकी?" एका पोरीने विचारलं.

"वर बघ."

पोरीने वर पाहिलं. तिच्यामागोमाग तिच्या आईने पाहिलं, मग पाटलांनी, मग सगळ्यांनी. तुळईवर पहिली शेपटी होती, सुपाएवढी. तिच्याशेजारी दुसरी, जरा लहान. डोळे ओळीने सरकत गेले. तिसाव्या शेपटीपाशी येऊन ते थांबले.

"मला माहीत होतं," चांगुणाकाकी म्हणाली. आता तिचा आवाज फटकळ नव्हता. "तुम्ही वर पाहिलं नाही म्हणून तुम्हाला माहीत नव्हतं. मी तर गाभोळी तळते. पहिल्या वर्षी लग्नाची कढई आणली होती. मग घरातली मोठी. मग रोजची. दर वर्षी कढई लहान घेत गेले आणि स्वतःला सांगत गेले की यंदाच जरा कमी आहे. या पोराने शिडीवरून उतरून सांगितलं तेव्हा मी दोरी गुंडाळत बसले. तो थापाड्या आहे हे माझ्या सोयीचं होतं."

पाटलांनी घसा साफ केला. "ते सगळं खरं असेल. पण नियम नियम आहे. चटईवर जो मासा तोच धरायचा. जिंकली चांगुणा."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "शब्द माझा ना?"

"तुझा."

खारवाडीवाले सावरून बसले. डोहापर्यंत गरवायची परवानगी त्यांना किती वर्षं हवी होती, आणि ती मागायची असं चांगुणाकाकीनेच त्यांना कबूल केलं होतं. गोडवाडीवाल्यांचे चेहरे पडले.

चांगुणाकाकी म्हणाली, "ऐका. आजपासून तुळईवर शेपटी ठोकायची नाही. गरीच्या दिवशी लागलेला मोठा जिताडा पाण्यातच धरायचा, पाण्यातच मोजायचा आणि पाण्यातच सोडायचा. हा माझा शब्द."

खारवाडीचा एक जण उठून उभा राहिला. "आणि डोहाचं काय? तू आम्हाला सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं. डोहात मासाच उरला नाही तर परवानगी घेऊन काय दगड गरवशील?"

"पण काकी," मघाचीच पोर म्हणाली, "मग गाभोळी?"

"गाभोळी यंदापासून खाडीला. आपण तीस वर्षं खाल्ली."

पाटलांची अडचण वेगळीच होती. "पण मग खरं-खोटं कळायचं कसं? चटईवर मासा नसेल तर सगळेच दोनहात्ये होतील."

"दर गरीजवळ दुसऱ्या वाडीचा एक साक्षीदार बसेल," चांगुणाकाकी म्हणाली. "आणि त्यावरही विश्वास नसेल तर अंगठा बघायचा."

शब्द होता तो वर्षापुरताच. पुढच्या वर्षी जो जिंकला तो गोडवाडीचा होता. त्याचा साक्षीदार खारवाडीचा होता, आणि दिवसभर शेजारी बसून दोघांनी इतक्या गप्पा मारल्या की संध्याकाळी त्याला आपला स्वतःचा नियम आठवेना. तो म्हणाला, "काकीचाच चालू द्या." त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं.

सगळं लगेच बदललं असं मात्र नाही. दोन वर्षं काहीच दिसलं नाही. लोक कुरकुरले. प्रसादाला शिरा केला तर म्हातारे म्हणाले, हा काय सण आहे का. जोमा रोज ओहोटीला चिखलातल्या ओहोळांत वाकून बघायचा आणि काही न सापडता परत यायचा. तिसऱ्या वर्षी एका ओहोळात त्याला बोटाएवढी जिताड्याची पिल्लं दिसली. शेकड्यांनी होती. त्याने कुणाला सांगितलं नाही. पाटलांना हाताला धरून नेलं आणि दाखवलं. पाटील वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "किती असतील रे?" जोमा म्हणाला, "तुम्हीच सांगा काका. माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका."

आणखी काही वर्षं गेली. चांगुणाकाकीचे केस पांढरे झाले, पण गरीच्या दिवशी ती खडक सोडून फेसाच्या रेघेवर यायची. तिचा साक्षीदार ठरलेला होता. एका वर्षी पाणी थबकल्यावर तिच्या बोटाला तोच जडपणा कळला. तिने दोनापर्यंत मोजलं. मग दोघांनी मिळून बराच वेळ काय केलं ते त्यांनाच ठाऊक, काठावरच्यांना फक्त पाणी उडताना दिसलं.

संध्याकाळी दोघं पडवीत आले. ओलेचिंब, रिकाम्या हातांनी. पाटलांनी चांगुणाकाकीचा अंगठा पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"केवढी होती?"

काकीने जोमाकडे बोट दाखवलं. "साक्षीदाराला विचारा."

जोमा पडवीच्या मधोमध उभा राहिला. इतक्या वर्षांनी त्याने दोन्ही हात पसरले, जितके पसरता येतील तितके, आणि मग एक पाऊल बाजूला सरकून उजवा हात आणखी थोडा पुढे नेला.

पडवीत कुणीही हसलं नाही.

यावरून तात्पर्य असं: जे वाचवायचं आहे त्याचाच जीव घेऊन ते वाचवण्याचं बळ मिळवू नये. रिकाम्या हाताने परतून खरं सांगावं. विश्वास उशिरा येतो, पण मग तो दोन हात पसरले तरी मावत नाही.